लाल दिव्याची पत

पुण्यातील टिळक चौकाला त्याच्या अधिकृत नावाने ओळखणारे पुणेकर विरळाच. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, शास्त्री रस्ता आणि नदीपलीकडून येणारा लकडी पूल हे सारे जेथे एकमेकांना भिडतात, तो पुणेकरांचा अलका टॉकीजचा चौक. अनंत चतुर्दशीला मानाचे गणपती याच चौकातून विसर्जनाला जातात. एरवीच्या संध्याकाळी मात्र हाच चौक पायी चालणाऱ्याचा अंत पाहतो. एका रस्त्याचा दिवा लाल होतो न होतो तोच शेजारच्या रस्त्याचा हिरवा झालेला असतो. तेथील वाहने थांबेपर्यंत तिसऱ्या बाजूचा लोंढा सुटतो. डावीकडे वळणारे तर कोणत्याच दिव्याला बांधलेले नसतात. हातात भाजीची पिशवी घेतलेले एखादे वृद्ध गृहस्थ पदपथाच्या कडेला चारदा पाऊल पुढे टाकतात आणि चारदा मागे घेतात. अखेर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून परतणारा एखादा तरुण हात उंचावून त्या प्रवाहात शिरतो आणि त्याच्या आडोशाने आजोबा पलीकडे पोहोचतात. दिवे चालू असतात, यंत्रणा चालू असते. रस्ता मात्र ओलांडला जातो तो एका अनोळखी पोराच्या धिटाईवर.

हे चित्र कोणापुढे मांडले की उत्तर ठरलेले असते. आपल्या लोकांना शिस्तच नाही! या उत्तराची एक मोठी सोय अशी की, ते एकदा दिले म्हणजे मग कोणालाच काही करावे लागत नाही. महापालिका मोकळी, पोलीस मोकळे आणि उत्तर देणाराही मोकळाच. परंतु याच शहरात दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या येतात. लाखो वारकरी फर्ग्युसन रस्त्यावरून चालत जातात. त्या वेळी चौकाचौकांतील दिव्यांना कोणी विचारत नाही आणि तरीही दिंडीचा क्रम मोडत नाही. पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ-मृदंगांचा गजर क्षणात थांबतो. ही माणसे कोणी परग्रहावरून आलेली नसतात. त्यांच्यातील अनेकजण आठ दिवसांपूर्वी आपापल्या गावच्या चौकात लाल दिवा तोडून गेलेले असतील. मग चोपापुढे थांबणारा माणूस दिव्यापुढे का थांबत नाही? कारण चोपाला पत आहे. तो उगाच वर जात नाही, आणि वर गेला तर तो सर्वांसाठी सारखाच जातो, हे प्रत्येकाला ठाऊक असते. सिग्नलच्या दिव्याने नेमकी ही पत गमावली आहे. सिग्नलांच्या आधुनिकीकरणाची जी चर्चा आज प्रत्येक महापालिकेत चालू आहे, तिचा विचार या बाजूने करावयास हवा. नवे खांब आणि नवे कॅमेरे हा त्यातील त्या मानाने सोपा भाग आहे.

विषय किरकोळ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. २०२३ मध्ये मृतांचा आकडा पावणेदोन लाखांच्या उंबरठ्यावर गेला. २०२२ च्या मृतांपैकी ३२ हजार ८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. यांतील पुष्कळ मृत्यू महामार्गांवरचे, आणि सर्वांत मोठे कारण अतिवेग हेच आहे, हे मान्य केले पाहिजे. सिग्नल सुधारले म्हणून हे सारे थांबेल असे कोणी म्हणू नये. परंतु शहरातील माणसाचा आणि वाहनाचा रोजचा सामना चौकातच होतो, आणि वेगाला मुरड घालण्याची जी थोडी साधने शहराच्या हाती आहेत, त्यांत सिग्नल हे पहिले होय.

गंमत अशी की, हे साधन जन्माला आले तेच पायी चालणाऱ्यासाठी. १८६८ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटसमोर जगातील पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला. जॉन पीक नाइट नावाच्या रेल्वे अभियंत्याने आगगाडीच्या सिग्नलवरून ती कल्पना घेतली होती. दिवसा लाकडी हात आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. हेतू हा की, घोडागाड्यांच्या गर्दीतून पादचाऱ्यांना वाट मिळावी. महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळला गेला. पुढे १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे विजेचा सिग्नल आला तोवर रस्त्यावर मोटार आली होती. हळूहळू सिग्नल मोटारींची सोय पाहू लागला आणि ज्याच्यासाठी तो जन्मला तो पादचारी कडेला गेला. आपल्याकडे हे तंत्र आले ते या दुसऱ्या अवस्थेत.

दिव्याच्या वेळा कशा ठरतात, हे सामान्य नागरिकाला सहसा कोणी सांगत नाही. खरे तर गणित अवघड नाही. चौकातील सर्व बाजूंना एकेकदा हिरवा दिवा मिळून पुन्हा पहिल्या बाजूची पाळी येईपर्यंत जो काळ जातो ते एक चक्र. प्रत्येक पाळी बदलताना काही सेकंद वाया जातातच. पुढचे वाहन हलायला वेळ लागतो, मागचे वाहन चौकाबाहेर पडायला वेळ लागतो. चार पाळ्यांच्या चौकात प्रत्येक पाळीला चार सेकंद धरले तर चक्रामागे सोळा सेकंद फुकट गेले. चक्र १२० सेकंदांचे असेल तर हा वाटा तेरा टक्क्यांच्या घरात जातो. ते १८० सेकंदांचे केले तर नऊ टक्क्यांवर येतो. म्हणून गर्दी वाढली की चक्र लांबवण्याचा मोह होतो, आणि आपल्या शहरांतून तीन-तीन मिनिटांची चक्रे रुळली ती याच मोहातून. परंतु वाचले किती? चार-साडेचार टक्के. त्यासाठी थांबणाऱ्याच्या माथी काय आले? पूर्वी दीड मिनिट लाल दिवा होता, तो सव्वादोन मिनिटांवर गेला. रांग लांबली, तिने मागचा चौक अडवला, डावीकडे वळणाऱ्यांची वाट बुजली आणि वाचलेले चार टक्के तेथेच खर्ची पडले. ब्रिटनमधील रस्ता संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ सालीच या हिशोबाचे सूत्र मांडले आहे आणि जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते आजही शिकवले जाते. आपल्या महाविद्यालयांतही शिकवले जाते. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. चौकात ते उतरत नाही, एवढेच.

सव्वादोन मिनिटे! उन्हात दुचाकीवर बसलेल्या माणसासाठी आणि त्याहून अधिक पदपथावर उभ्या असलेल्या माणसासाठी हा काळ फार मोठा आहे. पादचाऱ्याला अर्ध्या-पाऊण मिनिटापेक्षा जास्त ताटकळत ठेवले की तो नियम सोडून संधी पाहू लागतो, हा जगभरच्या वाहतूक अभियंत्यांचा अनुभव आहे. त्याला बेशिस्त ठरवणे सोपे आहे. पण समोरच्या आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नसताना केवळ कोण्या काळी कोणीतरी लावलेल्या घड्याळामुळे लाल दिवा पेटलेला राहतो, तेव्हा तो दिवा प्रत्यक्षात काय शिकवतो? तो हे शिकवतो की, नियमाचा वस्तुस्थितीशी संबंध नसतो. आणि हा धडा माणूस चौकातच सोडून जात नाही.

येथे नव्या तंत्राचे खरे काम सुरू होते. जुना सिग्नल आंधळा असतो. ठरलेल्या वेळा, ठरलेला क्रम. फार तर सकाळचे एक वेळापत्रक, संध्याकाळचे दुसरे. नवा सिग्नल रस्त्याकडे पाहतो. डांबराखाली पुरलेली तारेची वेटोळी, खांबावरचा कॅमेरा किंवा रडार यांपैकी कशाने तरी कोणत्या बाजूला किती वाहने आहेत हे त्याला कळते आणि त्या प्रमाणात तो हिरवा दिवा वाटून देतो. त्यापुढची पायरी म्हणजे असे अनेक चौक एका नियंत्रण कक्षाला जोडणे. दोन चौकांत पाचशे मीटर अंतर असेल आणि वाहने ताशी तीस किलोमीटरने चालावीत अशी अपेक्षा असेल, तर पहिल्या चौकात दिवा हिरवा झाल्यावर बरोबर साठ सेकंदांनी दुसरा हिरवा व्हावा. मग संथ, सम गतीने जाणाऱ्याला सलग हिरवे दिवे मिळत जातात आणि ऐंशीच्या वेगाने सुटलेला पठ्ठ्या प्रत्येक चौकात लाल दिव्यापुढे अडतो. दंडाची पावती न फाडता वेग आवरण्याचा याहून सभ्य उपाय नाही. एखाद्या रुग्णालयातून हृदय वा यकृत नेताना पोलीस जो ‘ग्रीन कॉरिडॉर’ करतात तो हेच तत्त्व हाताने राबवून. अवयव वेळेत पोहोचतो, कारण त्या काही मिनिटांपुरते सारे चौक एका सूत्रात बांधलेले असतात. ते सूत्र रोजच्या वाहतुकीसाठी यंत्राने धरावे, इतकीच अपेक्षा आहे.

ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियातील सिडनीत अशा प्रणाली १९७० च्या दशकातच आकाराला आल्या. मुंबईत जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात सुमारे अडीचशे चौक क्षेत्रीय नियंत्रणाखाली आणण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु परदेशी प्रणाली उचलून आणण्यात एक अडचण असते आणि ती स्वाभिमानाची नसून तांत्रिक आहे. त्या प्रणाली वाहने मार्गिकेत एकामागे एक चालतात असे गृहीत धरून बेतलेल्या आहेत. आपल्या रस्त्यावर एका बसच्या मागे दोन मोटारी, त्यांच्या फटीत सहा दुचाकी आणि कडेने एक हातगाडी असा मेळा असतो. वेटोळ्यावरून काय गेले, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कसे कळावे? म्हणून आपल्या रस्त्याचे गणित आपल्यालाच मांडावे लागते. ते मांडले गेलेही आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि ‘परम’ महासंगणकामुळे सर्वांना ठाऊक असलेल्या सी-डॅक या संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने मिश्र वाहतुकीसाठी ‘कोसिकॉस्ट’ ही अनुकूली प्रणाली विकसित केली. बिनतारी आणि सौरऊर्जेवर चालणारे नियंत्रकही तयार केले. बंगळुरूमध्ये अलीकडच्या वर्षांत दीडशेहून अधिक चौकांसाठी हीच स्वदेशी प्रणाली निवडण्यात आली. ज्या देशाने परदेशी महासंगणक नाकारला गेल्यावर स्वतःचा उभा केला, त्याला चौकातला दिवा परदेशातून मागवण्याचे कारण नाही. मात्र स्वदेशी आहे म्हणून ती प्रणाली बसवली आणि नंतर तिच्याकडे कोणी पाहिले नाही, तर तीही आंधळीच होणार.

दरवेळी नवे यंत्र हवेच असेही नाही. गूगल कंपनीने ‘ग्रीन लाइट’ नावाचा एक प्रकल्प चालवला आहे. नकाशाच्या वापरातून गोळा होणाऱ्या माहितीवरून चौकातील वाहने कोठे विनाकारण थांबतात हे शोधायचे आणि दिव्यांच्या वेळा थोड्या बदलण्याची सूचना तेथील अभियंत्यांना द्यायची. २०२३ च्या ऑक्टोबरात कंपनीने जाहीर केले तेव्हा १२ शहरांतील ७० चौकांत हे काम चालू होते आणि त्यांत बंगळुरू, हैदराबाद व कोलकाता ही आपली शहरे होती. खांब जुना, दिवा जुना, फक्त वेळा नव्या. कंपनीच्या दाव्यातील टक्केवारी बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. वेळापत्रक कागदावर नीट मांडणारा एखादा अभियंता हे काम पूर्वीही करू शकला असता. भारतीय रस्ते परिषदेची सिग्नलविषयक मार्गदर्शक तत्त्वे १९८५ पासून उपलब्ध आहेत. कमतरता अभियंत्याच्या पदाची आहे. आपल्या किती महापालिकांत केवळ सिग्नलच्या वेळा पाहणारा वाहतूक अभियंता नेमलेला आहे, हा प्रश्न एखाद्या नगरसेवकाने सभागृहात विचारून पाहावा.

सेकंदांचा उलटा आकडा दाखवणाऱ्या पाटीबद्दल थोडे. लोकांना ती प्रिय आहे. किती थांबायचे ते कळते, गाडी बंद ठेवता येते, इंधन वाचते. हे खरेच आहे. पण आकडा पाचावर आला की पुढच्या रांगेतील हात अ‍ॅक्सिलरेटरवर वळतात, तीनावर पहिली दुचाकी झेब्रा पट्ट्यांपुढे सरकते आणि शून्य येण्याआधी निम्मी रांग चौकाच्या मध्यात पोहोचलेली असते. नेमक्या त्याच वेळी आडव्या रस्त्यावरची शेवटची रिक्षा आपल्या हिरव्या आकड्यातील शेवटचे दोन सेकंद साधण्यासाठी जिवाच्या आकांताने धावत असते. म्हणजे पाटी दोन्ही बाजूंना शर्यतीचा इशारा देते. शिवाय जी यंत्रणा वाहने पाहून वेळ बदलते, तिला उरलेले सेकंद आधी सांगताच येत नाहीत, कारण तिचे तिलाच ते ठरवायचे असतात. म्हणून अनुकूली सिग्नल आले की ही पाटी जाते किंवा आकडे मध्येच उडी मारतात, आणि नागरिक समजतात की सिग्नल बिघडला. हे समजावून सांगण्याचे काम कोणी केले पाहिजे. मुंबई पोलिसांनी २०२० च्या आरंभी भोंगे वाजवणाऱ्यांसाठी जो प्रयोग लोकांपुढे आणला, तो आठवावा. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! लोक हसले, चिडले आणि समजलेही. सरकारी खाते एवढी मिस्कील कल्पकता दाखवू शकते हे पाहून काहींना धक्काच बसला असेल.

आता खरा वादाचा मुद्दा. नवा सिग्नल पाहतो खरा, पण कोणाला? तो वाहने मोजतो. माणसे मोजत नाही. साठ प्रवाशांनी भरलेली पीएमपीची बस रस्त्यावर फार तर तीन मोटारींची जागा घेते आणि यंत्राच्या हिशोबात ती तेवढीच भरते. तीन मोटारींत मिळून चार-पाच माणसे बसलेली असतात. साठ आणि पाच यांना एकच न्याय लावणाऱ्या यंत्राला हुशार म्हणणे कठीण आहे. २००६ च्या अखेरीस पुण्यात देशातील पहिला बीआरटी मार्ग सुरू झाला तेव्हा बससाठी वेगळी वाट काढण्याची कल्पना होती. पुढे तिचे काय झाले हे पुणेकर जाणतात. पण बस चौकाजवळ येताच हिरवा दिवा पाच-दहा सेकंद लांबवणे यासाठी रस्ता रुंद करावा लागत नाही की झाडे तोडावी लागत नाहीत. बसमध्ये तिचे ठिकाण सांगणारे यंत्र असते, सिग्नलला नियंत्रण कक्ष असतो. दोघांनी एकमेकांशी बोलावे, इतकेच.

पादचारी तर मोजणीत येतच नाही. वेटोळ्याला तो लागत नाही, कारण त्याच्या अंगावर लोखंड नसते. कॅमेऱ्याला तो दिसतो, पण त्याला शोधायला कॅमेऱ्याला सांगितलेले नसते. परिणामी यंत्रणा जितकी वाहनांसाठी ‘कार्यक्षम’ होत जाते, तितका त्याच्या वाट्याचा काळ आक्रसत जातो. चोवीस मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला दर सेकंदाला १.२ मीटर या रूढ हिशोबाने वीस सेकंद लागतात. हा हिशोब धडधाकट माणसाचा. गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला ८० सेंटिमीटरच चालत असतील तर त्यांना तीस सेकंद हवेत. दिव्याने वीसच दिले तर त्या शेवटचे आठ मीटर कोणाच्या भरवशावर चालतात? सिंगापूरने २००९ साली यावर एक साधी तोड काढली. ज्येष्ठ नागरिकाने आपले सवलतीचे कार्ड खांबावरील पेटीला लावले की हिरवा माणूस तीन ते तेरा सेकंद अधिक काळ राहतो. आपल्याकडे ज्येष्ठांना बसच्या सवलतीसाठी कार्डे मिळतातच. मुंबईत दादरला २०२० मध्ये पादचारी दिव्यात पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती झळकली, तिचे देशभर कौतुक झाले. कौतुक योग्यच होते. पण त्या आकृतीला पलीकडे पोहोचायला पुरेसे सेकंद मिळतात की नाही, याची चौकशी कौतुकाइतकी झाली नाही.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिनही साजरा होतो. वर्षातला एक दिवस लक्ष्मी रस्त्याला मोकळा श्वास मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. उरलेल्या ३६४ दिवसांसाठी त्याच रस्त्याच्या टोकाशी असलेल्या अलका चौकात चक्रामागे वीस-पंचवीस सेकंद चारही-पाचही बाजू लाल ठेवून केवळ पायी चालणाऱ्यांना चौक मोकळा करून द्यावा. टोकियोच्या शिबुया चौकात हेच होते आणि तेथून एका वेळी माणसांचा जो पूर वाहतो त्याची चित्रे जगभर पाहिली जातात. वाहनांचा थोडा खोळंबा होईल. होऊ द्यावा. चौक कोणाचा, हे कधीतरी एकदा ठरवावेच लागेल.

रात्रीचा विचार तर बहुधा कोणी करतच नाही. दहा-अकरा वाजले की बहुतेक सिग्नल पिवळी उघडझाप करू लागतात, म्हणजे ‘तुमचे तुम्ही बघा’. नेमके तेव्हा रस्ते मोकळे, वेग अमर्याद आणि चालकांपैकी काही शुद्धीवर नसलेले. वाहनांची चाहूल लागणारी यंत्रणा असेल तर रात्री चारही दिवे लाल ठेवता येतात. बेताच्या वेगाने येणाऱ्यासाठी तो वेळेवर हिरवा होतो, सुसाट येणाऱ्याला आधी वेग कमी करावा लागतो. हे तंत्र जुने आहे, इतर देशांत वापरात आहे आणि ज्यांनी चौकात कॅमेरे बसवले आहेत त्यांच्यासाठी यात नवा खर्च फारसा नाही.

आणि दंड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते आणि पहिल्याच गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. कॅमेरा पाहतो आणि ई-चलान घरी येते. शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण मग दिवा स्वतः निर्दोष हवा. ताशी पन्नास किलोमीटरने येणारे वाहन धक्का न देता थांबवायचे तर पिवळा दिवा तीन-साडेतीन सेकंद राहिला पाहिजे. तो दोनच सेकंद ठेवला, तर नियम पाळू इच्छिणारा माणूसही कचाट्यात सापडतो. करकचून थांबावे तर मागचा धडकतो, पुढे जावे तर चलान येते. झाडाच्या फांदीआड लपलेला दिवा, बाजूच्या जाहिरातफलकाच्या झगमगाटात हरवलेला दिवा, लाल असतानाही हाताने ‘चला, चला’ म्हणणारा वाहतूक पोलीस या सर्वांचा हिशोब चलानात नसतो. त्या पोलिसाचाही फारसा दोष नाही. मागे रांग चौकाच्या पलीकडे गेलेली त्याला दिसते, यंत्राला दिसत नाही. त्याच्या वेतनात दिव्याची अक्कल दुरुस्त करण्याचे काम सामील नाही, तरी तो उन्हातान्हात ते करतो.

दिवा कोणाचा, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो. खांब महापालिका उभारते. चालवतात वाहतूक पोलीस. वीज वितरण कंपनीची. रस्ता खोदतात मेट्रोवाले, पाणीपुरवठावाले, केबलवाले, आणि खोदताना जमिनीखालची तार कोणाच्या कुदळीला लागली हे दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. पुण्यात विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० साली पाडला गेला, नळ स्टॉपला दुमजली पूल उभा राहिला, मेट्रोच्या मार्गांनी कित्येक चौकांचा आकारच बदलून टाकला. चौक बदलला की दिव्याच्या वेळा पहिल्यापासून बांधाव्या लागतात. त्या कोणी बांधायच्या? पोलीस म्हणतात, यंत्रणा महापालिकेची. महापालिका म्हणते, वेळा पोलिसांच्या हाती. नागरिकाला या दोघांच्या मध्ये उभे राहण्याची सवय झालेली आहे.

यात आता एक तिसरा वारसदार मिसळला आहे. २०१५ साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेतून देशातील अनेक शहरांत अनुकूली सिग्नल आणि नियंत्रण कक्ष उभे राहिले. पुण्यातही शंभराहून अधिक चौक या यंत्रणेखाली आले. ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. उभारणीला केंद्राचा निधी होता. देखभालीला तो असणार नाही. कॅमेऱ्याची काच पावसाळ्यात धुरकटते, वेटोळे डांबरीकरणात उखडले जाते, सुटे भाग मिळेनासे होतात. पाहणारे डोळे एकेक करून मिटले की अनुकूली सिग्नल मुकाट्याने जुन्या ठराविक वेळांवर जातो. बाहेरून काहीच कळत नाही, दिवे तसेच लागतात. शहाणा म्हणून विकत घेतलेला सिग्नल असा गुपचूप पुन्हा आंधळा होतो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

पाणीपुरवठ्याचा पंप अर्धा दिवस बंद पडला तर नगरसेवकाचा दूरध्वनी खणखणू लागतो, अभियंता रजेवरून धावत येतो आणि संध्याकाळी टँकर फिरतो. पंपाच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद असते, माणसे असतात, जबाबदारी नावानिशी ठरलेली असते. सिग्नलसाठी तेच हवे. प्रत्येक मोठ्या महापालिकेत पोलीस आणि अभियंते एकत्र बसतील असा एक लहानसा कक्ष, त्याच्या हाती वेळांचा पूर्ण अधिकार, दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येक चौकाची नव्याने मोजणी आणि तीत चालणाऱ्यांचीही मोजणी, आणि ठरलेल्या वेळा लोकांना पाहता येतील अशा जाहीर केलेल्या. तोवर निदान एवढे करावे. प्रत्येक सिग्नलच्या खांबाला क्रमांक असावा आणि तो बंद पडला, चुकला वा झाडामागे गेला तर कोठे कळवायचे तो दूरध्वनी क्रमांक त्याच खांबावर ठळक रंगवलेला असावा. रंगाचा एक डबा आणि एका माणसाचे आठवडाभराचे काम आहे.